पाइनचं कलम: खुंट कुठला घ्यायचा

पाइनच्या कलमात खाली मुळं देतं ते रोप म्हणजे खुंट आणि वर बांधतो ती कलमकाडी, आपल्या मानकुराद आंब्याच्या नाहीतर काजूच्या कलमासारखंच. पण गोव्यातला एक गोंधळ आधी मिटवूया, मिरामार आणि केरीच्या किनाऱ्यावर आहेत ती सुरूची झाडं, आणि नाताळात कुंडीत सजवतात तो बहुतेक वेळा अरोकेरिया. दोन्ही पाइन नव्हेत, त्यामुळे पाइनच्या खुंटावर ते बांधून काही उपयोग नाही.

आंब्याला रायवळच्या बाठ्यातून आलेलं रोप चालून जातं, कारण शेवटी आंब्यावर आंबाच बांधतो. पाइनच्या मात्र शंभरावर जाती, आणि नातं जितकं जवळचं तितकं कलम धरायची शक्यता जास्त. ढोबळ दोन गट आहेत, कठीण लाकडाचा (आपला हिमालयातला चीर, तीन सुयांचा, म्हणजे सुईसारखी पानं तीन-तीनच्या जुडीत) आणि मऊ लाकडाचा (कैल, पाच सुयांचा). सुया मोजा आणि गट ओळखा असं सांगतात खरं, पण चिलगोज्याला तीनच सुया आणि तो बसतो मऊ गटात, म्हणजे मोजणाऱ्याची फजिती. नर्सरीवाले साधारण मऊ गटाला स्ट्रोबस पाइन आणि कठीण गटाला स्कॉट्स पाइन खुंट म्हणून वापरतात.

ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. जपानात बोन्सायसाठी पाच सुयांचा पांढरा पाइन दोन सुयांच्या काळ्या पाइनवर सर्रास बांधतात, गट वेगळे असूनही, कारण काळ्याची मुळं दणकट. फक्त खाली खडबडीत साल आणि वर गुळगुळीत, त्यामुळे जोड लांबूनही दिसतो. स्पेनमध्ये चुनखडीच्या जमिनीत खाण्याच्या बियांचा स्टोन पाइन अलेप्पो पाइनच्या खुंटावर घेतात.

खरी गोम म्हणजे कलम धरलं म्हणून सुटलो असं नसतं. काही कलमं दोन-चार वर्षं मस्त वाढतात आणि मग जोड सुजतो, सुया पिवळ्या पडतात आणि झाड मरतं. अमेरिकेतल्या लोब्लॉली पाइनच्या बियाणे-बागांना हा त्रास झालाय, आणि तोही एकाच जातीच्या खुंटावर, कारण बीपासून आलेला प्रत्येक खुंट थोडा वेगळा.

खुंट दोन-तीन वर्षांचा, कुंडीत रुजलेला, पेन्सिलीएवढा जाड हवा. हिवाळा सरता सरता खुंट जागा झालेला (वाढीला लागलेला) आणि काडी झोपलेली (अजून न फुटलेली) असं गाठायचं. काडी बारीक असेल तर सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूने तरी जुळवायचा, नाहीतर मेहनत वाया. काजूच्या पाचर कलमात आपण खुंटाचा शेंडा उडवतो, इथे तसं केलं की खुंटच उपाशी मरतो, म्हणून काडी बाजूला बसवून शेंडा नंतर टप्प्याटप्प्याने छाटायचा. चाकूला राळ चिकटते, दर कापानंतर स्पिरिटने पुसायचा.

आणि गोव्यातच करून बघायचं असेल तर कैलचा खुंट नको, तो थंड हवेतला, आपल्या पावसात त्याची मुळं कुजायची. कॅरिबियन पाइन निदान उष्ण सखल भागातला तरी आहे.