अपारंपरिक घराची बांधकाम परवानगी: भूकंपप्रवण व वादळी प्रदेशातील अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

माती भरलेल्या पोत्यांचा घुमट किंवा गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंतींचे घर बांधायचे असेल, तर विटा-काँक्रीटसाठी ठरलेली मापे तेथे लागू पडत नाहीत. अशा वेळी आपल्या पद्धतीसाठी स्वतंत्र मानक आहे का, हे प्रथम पाहावे. मातीच्या बांधकामासाठी भारतात आयएस 13827, तर न्यूझीलंडमध्ये एनझेडएस 4297 ते 4299 ही मानके आहेत. इमारत मानकाच्या मर्यादेत बसत असेल, तर अर्ज बराच सोपा होतो. ती बसत नसेल आणि आंतरराष्ट्रीय बांधकाम संहिता (आयबीसी, अमेरिकेतील नमुना नियमावली) लागू असेल, तर पर्यायी साहित्य व पद्धतींच्या कलमाचा (2021 पर्यंतच्या आवृत्त्यांत 104.11, 2024 च्या आवृत्तीत 104.2.3) आधार घेता येतो. मात्र आपली पद्धत ताकद, सुरक्षितता, आगरोध व टिकाऊपणा यांत नियमातील पद्धतीच्या तोडीची आहे, हे अर्जदाराला सिद्ध करावे लागते.

अर्ज जागेचा मालक किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती करू शकते. घरावर येणाऱ्या भारांच्या गणितांवर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते, आणि त्याला नकाशे पूर्ण झाल्यावर नव्हे, तर आराखडा ठरतानाच सोबत घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मालकीचे कागद, नकाशे आणि माती परीक्षण अहवाल नेहमीप्रमाणे जोडावेत. खरी छाननी होते ती भारांच्या गणिताची. भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाबरोबर वाढतो, तर वारा हलके छत उचलू पाहतो. त्यामुळे जड मातीच्या घराला भूकंपाची आणि हलक्या घराला वाऱ्याची चिंता अधिक असते. भूकंपासाठी गृहीत धरलेल्या वजनात गिलावा व ओल दोन्ही मोजलेली असावीत. उलट छत उचलले जाण्याच्या तपासणीत हमखास असणारे वजनच धरावे, आणि हा फरक टिपणात स्पष्ट लिहावा.

त्यानंतर छतापासून पायापर्यंत जोर कोणत्या मार्गाने उतरतो, हे प्रत्येक सांध्याच्या तपशीलवार रेखाटनातून दाखवावे. छताच्या तुळईला धरणारी पट्टी कोठून निघते, ती पायातील कोणत्या बोल्टला बांधली जाते, त्या बोल्टचा व्यास किती आणि तो काँक्रीटमध्ये किती खोल आहे, एवढे त्यात दिसले पाहिजे. घुमटात दारा-खिडक्यांभोवतीचा भाग कमकुवत होतो, म्हणून त्याचे रेखाटन वेगळे द्यावे.

चाचणी अहवाल जोडताना तो आपल्याच भिंतीला लागू होतो का, हे तपासावे. गवताच्या गठ्ठ्यांच्या एका घराची 2009 मध्ये नेवाडा विद्यापीठाच्या रेनो येथील शेक टेबलवर (भूकंपासारखे हादरे देणाऱ्या यंत्रावर) चाचणी झाली होती आणि ते कोसळले नाही. तरीही तुमचा गिलावा, जाळी वा पाया निराळा असेल, तर त्या निकालाला तुमच्या अर्जात पुरावा म्हणून फारसे वजन राहत नाही, आणि स्वतंत्र नमुना चाचणी मागितली जाऊ शकते.

परवानगी मिळाल्यावर पाया भरण्यापूर्वी आणि गिलावा चढवण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. पट्ट्या व बोल्ट गिलाव्याखाली झाकले गेले, तर भिंत उकलून दाखवण्याची वेळ येऊ शकते. म्हणून प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत आणि इंजिनिअरच्या पूर्णत्वाच्या दाखल्यासोबत भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जाला जोडावीत.