वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती : खानदेश

नोकरदाराने स्वतःच्या किंवा अवलंबित कुटुंबीयांच्या आजारपणावर आधी पदरचा केलेला खर्च, नोकरीमुळे मिळणाऱ्या आरोग्य सवलतीतून नंतर परत मिळवणे म्हणजे वैद्यकीय प्रतिपूर्ती. 'प्रतिपूर्ती' हा शब्द कागदावरचा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत 'मेडिकल बिल टाकले' असेच म्हणतात. मंजूर झालेले बिल 'पास' होते, अडकलेल्याला 'त्रुटी लागते', आणि अहिराणी बोलणाऱ्या घरांत 'बिल उनं का?' (बिल आले का?) हा प्रश्न अनेक महिने विचारला जातो.

पैसे कोण देणार हे नोकरी कुठली यावर ठरते. भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्यांना विभागीय रेल्वे रुग्णालयातच उपचार मिळतात, त्यामुळे बाहेरच्या खासगी दवाखान्याचे बिल मुख्यतः आणीबाणीपुरते येते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल किंवा चटईच्या कारखान्यातला, महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार 1948 च्या कायद्याने सुरू झालेल्या राज्य कामगार विम्यात येतो. त्यासाठी 1 जुलै 2019 पासून मालक वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के वर्गणी भरतो. त्याहून जास्त पगाराच्या खासगी नोकरदारांसाठी बहुतेक ठिकाणी कंपनीची समूह विमा पॉलिसी असते. मात्र खानदेशात बिल टाकणारा मोठा वर्ग राज्य शासनाचे कर्मचारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक यांचाच आहे.

राज्य कर्मचाऱ्यांच्या प्रतिपूर्तीचा पाया महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, 1961 हा आहे. शासकीय रुग्णालयातील उपचार हे या नियमांचे मूळ गृहीतक, खासगी दवाखाना हा अपवाद. 19 मार्च 2005 च्या शासन निर्णयाने हा अपवाद आखून दिला: 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजारांवर खासगी रुग्णालयात घेतलेल्या उपचारांचा खर्च मागता येतो. आकस्मिक आजारांच्या यादीत हृदयविकार, अपघात आणि भाजणे यांच्याबरोबर उष्माघात आणि प्राणी चावल्याने होणारी विषबाधाही आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या आणि शेतात साप-विंचू निघणाऱ्या या भागात या दोन नोंदी फार मोलाच्या ठरतात. बायपास किंवा मूत्रपिंड प्रतिरोपणासारख्या गंभीर आजारांसाठी आधीच अग्रिम मागण्याची सोय आहे. वेळ असूनही अनेक जण अग्रिमाचा अर्ज न करता कर्ज काढतात, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रस्तावात विहित नमुन्यातला अर्ज, डॉक्टरांच्या सहीचे अत्यावश्यकता प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले आणि औषधांच्या पावत्या लागतात. रुग्ण अवलंबित असल्याचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. पती-पत्नी दोघेही नोकरीत असतील तर एकाच ठिकाणी बिल टाकल्याचे लिहून द्यावे लागते. विवाहित महिला कर्मचाऱ्याला आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी एका जोडीची निवड करता येते. शिक्षकाचा प्रस्ताव पंचायत समितीतून वर सरकतो, आणि जिल्हा शल्य चिकित्सकांच्या तपासणीनंतर देय रक्कम ठरते.

खानदेशात हे सगळे अवघड होते ते अंतरामुळे. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे, पण जळगावचे शासकीय महाविद्यालय 2018 चे आणि नंदुरबारचे 2020 चे. त्यामुळे हृदयाचा किंवा मेंदूचा रुग्ण नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईला हलवायची सवय पिढ्यांची आहे. नवापूर, नंदुरबार, अक्कलकुव्याच्या माणसाला सुरत जवळ पडते. उपचार तिथे चांगले होतात, कागद मात्र गुजरातच्या पद्धतीने तयार होतात. इकडच्या गावित आडनावाचे तिकडे गामीत होते, वसावेचे वसावा होते. पुढे सेवापुस्तकातले नाव आणि डिस्चार्ज कार्डावरचे नाव जुळत नाही म्हणून त्रुटी लागते. एवढ्या दुरुस्तीसाठी सातपुड्यातल्या धडगावच्या शिक्षकाला घाट उतरून पुन्हा राज्याबाहेर जावे लागते. म्हणून रुग्णाला घरी न्यायची घाई कितीही असली, तरी रुग्णालय सोडण्यापूर्वी नाव आणि तारखा तपासून प्रत्येक बिलावर सही-शिक्का घ्यायला हवा. त्या दिवशीचा अर्धा तास पुढचे अनेक महिने वाचवतो. औषधांच्या ज्या पावत्या उष्णतेने छापल्या जातात, त्यांची अक्षरे इकडच्या उन्हाळ्यात लवकर उडतात. त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी, आणि प्रस्ताव दिल्यावर आवक क्रमांक लिहून घ्यावा.

तपासणी पूर्ण झाली तरी अर्थसंकल्पात वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या शीर्षाखाली तरतूद शिल्लक नसेल तर बिल थांबते. मधल्या काळात ग.स. सोसायटी (सरकारी नोकरांची सहकारी पतपेढी), पतसंस्था, नातेवाईक किंवा गहाण सोने यांच्यावर भागवले जाते. त्या कर्जाचे व्याज प्रतिपूर्तीत धरले जात नाही. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत, त्यालाच ही सवलत पुरेपूर लाभते. ही या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव होय, आणि तुटपुंज्या पगाराच्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याला ती सर्वाधिक जाचते.

समूह विम्यात पॉलिसीच्या अटी महत्त्वाच्या. साधारणपणे किमान 24 तास भरती, भरतीपूर्वीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस धरले जातात. ठरलेल्या भाड्याहून महाग खोली घेतली, तर नुसता भाड्यातला फरक कापला जात नाही. अनेक पॉलिसींत डॉक्टरांच्या आणि शस्त्रक्रियेच्या शुल्कालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. बाह्यरुग्ण खर्च बहुधा बाहेरच राहतो. सातपुड्यात आढळणाऱ्या सिकलसेलसारख्या, औषधे कायम चालणाऱ्या आजारात हे फार जाणवते. पूर्वी पगारदाराला वर्षाला 15,000 रुपयांपर्यंतची वैद्यकीय प्रतिपूर्ती करमुक्त असे. 2018-19 पासून ती सूट प्रमाणित वजावटीत (स्टँडर्ड डिडक्शन) विलीन झाली. त्यामुळे मार्चअखेरीस मेडिकलच्या पावत्या गोळा करण्याची धावपळही संपली.

रुग्णालय शासनाच्या किंवा योजनेच्या यादीत नव्हते, हे बिल नाकारण्याचे नेहमीचे कारण. केंद्र शासनाच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले की रुग्णालय यादीत नाही एवढ्याच कारणाने प्रतिपूर्ती नाकारता येत नाही. उपचार खरोखर झाले का आणि कागदांनी ते सिद्ध होते का, हे पाहायचे. त्यामुळे लेखी नकार आला की तो पुढच्या अर्जाला जोडण्यासाठी जपून ठेवावा. विमा कंपनीने दावा नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि तिथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जावे. खानदेश पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. तिथल्या तक्रारीला शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, मात्र कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत ती दाखल व्हावी लागते.