काठावरून होडीत येणाऱ्या गळवाल्यांसाठी: आधी नांगराचं वाचा

तळ्यावर आम्ही दिलेली होडी परत काठाला लागली की पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "सात-आठ जागा बदलल्या, कुठेच काही लागलं नाही." आम्ही एवढंच विचारतो, नांगराची दोरी किती सोडली होती? उत्तर येतं, "तळ लागेपर्यंत." दिवस वाया का गेला, ते तिथेच कळतं.

गळ कसा बांधायचा, आमिष कसं लावायचं, हे तुम्हाला येतं. वर्षानुवर्षं काठावर बसलेल्या माणसाला ते आम्ही शिकवायला नको. फरक पायाखालच्या जमिनीचा आहे. काठ हलत नाही, होडी सतत हलते, आणि ती थांबवण्याचं साधन म्हणजे नांगर.

नांगर वजनाने धरतो असं बहुतेकांना वाटतं. तो मुख्यतः धरतो तो त्याची नखं तळात रुतल्यामुळे, आणि नखं रुततात ती दोरीची ओढ आडवी असेल तेव्हा. दोरी उभी असली की होडीच्या प्रत्येक हिंदोळ्यासरशी नांगर उचलला जातो, दोन हात सरकतो, पुन्हा टेकतो. म्हणून खोलीच्या किमान तिप्पट दोरी सोडा, वारा असेल तर पाचपट, आणि जोराचा असेल तर त्याहूनही जास्त. पाणी 5 मीटर असेल तर 15 मीटर ही सुरुवात, वाऱ्यात 25. आमच्या प्रत्येक नांगराला 40 मीटर दोर असतो आणि दर मीटरला गाठ असते. "एवढा दोर पायात येतो, कमी द्या," असं पुष्कळजण सांगतात. आम्ही कमी देत नाही. त्याच गाठी मोजून तुम्हाला खोलीही कळते, आणि अनोळखी तळ्यावर ती माहिती सोन्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट, एकाच नांगरावर होडी लंबकासारखी डावी-उजवी झुलते. तुमची तळाला टेकवलेली गळाची दोरी कधी सैल पडते, कधी ताणली जाते, आमिष तळावरून फरफटत जातं. माशाने तोंड लावलं तरी ते हातापर्यंत पोचत नाही. तुम्हाला वाटतं जागा वाईट आहे, म्हणून तुम्ही नांगर उचलता आणि पुढे जाता. खरं तर मासे तिथेच होते.

म्हणून आम्ही दोन नांगर देतो. होडीचं पुढचं टोक वाऱ्याकडे करा, पुढचा नांगर हळू सोडा, फेकू नका. वाऱ्याबरोबर मागे जात दोरी नेहमीच्या दुप्पट सोडा, तिथे मागचा नांगर सोडा, आणि पुढची दोरी ओढत मध्यावर या. दोन्ही दोऱ्या ताणून बांधल्या की होडी जागची हलत नाही. वारा वाढला तर आधी मागचा नांगर काढा. एकट्या मागच्या टोकाला नांगर बांधून वाऱ्यात कधीच थांबू नका. तिकडची कड खाली असते आणि लाट सरळ आत येते. आणि दोरीचं मोकळं टोक होडीला बांधलंय ना, हे नांगर पाण्यात जाण्याआधी बघा. ते न बांधता सोडलेले आमचे काही नांगर अजून तळ्यात आहेत.

"मासे कुठे आहेत ते नकाशावर खूण करून द्या," ही दुसरी नेहमीची मागणी. खोलीचा नकाशा आम्ही देतो, खूण करत नाही, कारण वारा फिरला की मासेही फिरतात. पण एक नक्की सांगतो: होडी मिळाली म्हणून थेट तळ्याच्या मध्यावर जाऊ नका. काठावर असताना जिथे तुमची फेक पोचत नव्हती तिथेच मासे असणार, असं मनात बसलेलं असतं. खाणं मात्र कडेला असतं: पाणवनस्पतींची बाहेरची कड, ओढा तळ्याला मिळतो ते तोंड, बुडालेली झाडं, आणि उथळ तळ एकदम खोल होतो ती पायरी. गाठी मोजत गेलात आणि 3 मीटरवरून खोली अचानक 6 झाली, की ती पायरी सापडली. काही तास एकाच दिशेने वारा वाहिला असेल तर तो ज्या काठावर आदळतो तिकडे बघा. पाण्यातले सूक्ष्म जीव तिथे लोटले जातात, त्यांच्यामागे लहान मासे, आणि लहान माशांमागे मोठे. भर उन्हाळ्यात खोल तळ्यात गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली असे थर पडतात. खालच्या थरात प्राणवायू पुष्कळदा इतका कमी होतो की मासे तिथे थांबत नाहीत. तेव्हा सगळ्यात खोल जागा म्हणजे सगळ्यात चांगली जागा, हा हिशोब सोडा.

जागेवर पोचताना वल्ही हळू मारा, डबा तळावर आपटू नका. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि होडीचा तळ ढोलासारखा वाजतो.

मासा लागला की देता तो हिसका आवरा. काठावरून तुमची 50 मीटर गळाची नायलॉन दोरी पाण्यात असते, ती ताणते आणि जोराचा हिसका पचवते. होडीखाली 6 मीटर असेल तर तोच हिसका दोरी तोडतो किंवा माशाचं तोंड फाडतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी अडवणारा ब्रेक, थोडा सैल ठेवा. रॉड दोन-सव्वादोन मीटरचा पुरे. लांब रॉड असला की मासा जाळीजवळ आणता येत नाही. तसा रॉड नसेल तर आमच्याकडचा घ्या. फेक डोक्यावरून करा, आडवी नको, कारण शेजारी माणूस बसलेला असतो.

निघण्याआधी आम्ही पंधरा मिनिटं थांबवून काठावरच दोन्ही नांगर टाकून घेतो, त्यावर काहीजण वैतागतात. पहाटेची वेळ किती मोलाची असते ते आम्हालाही कळतं. पण ती पंधरा मिनिटं दिलेले लोक जागा कमी बदलतात, हे आम्ही रोज बघतो. लाइफ जॅकेट मात्र अंगात घातलेलंच हवं, सीटखाली ठेवलेलं चालणार नाही. जाताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी असतो.

नांगर अडकला तर जागेवरून ओढत बसू नका. दोरी गोळा करत बरोबर त्याच्यावर या, थोडं पलीकडे जा आणि उलट दिशेने ओढा. बहुतेक वेळा सुटतो. सुटला नाही आणि वारा चढत असेल, तर दोरीला होडीतला रिकामा पिवळा कॅन बांधा, कॅनच्या अलीकडून दोरी कापा आणि परत या. सुरी सीटखाली आहे. नांगर आम्ही नंतर काढू, त्याचे पैसे मागणार नाही.