सतरा माणकांचा हिशेब

नागपूरच्या इतवारीतल्या सराफा बाजारात मागच्या आठवड्यात एका बाईंनी आपल्या सासूबाईंचे चिमुकले सोन्याचे मनगटी घड्याळ सराफापुढे ठेवले आणि तबकडीवरच्या ‘१७ ज्वेल्स’ या अक्षरांकडे बोट दाखवून आतल्या माणकांचे किती येतील, असे विचारले. सराफाने माणके हिशेबात धरलीच नाहीत. त्याचे बरोबर होते, पण ती माणके खोटी होती म्हणून नव्हे.

माणिक म्हणजे क्रोमियमचा अंश असलेले स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइड. ऑग्युस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते ज्योतीत वितळवून घडवण्याची रीत १९०२ साली जाहीर केली आणि माणिक स्वस्त झाले. घड्याळात ते शोभेसाठी नसतेच; चाकांच्या आसांची टोके त्यात फिरतात. पितळात रुतलेली धूळ पोलादी आसाला कानशीसारखी घासते. माणकात ती रुतत नाही.

बायकांच्या लहान घड्याळात ही गरज अधिक तीव्र असते. बॅलन्स चक्राची, म्हणजे पुढेमागे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाची, सर्व मापे निम्मी केली, तर वस्तुमान आठव्या हिश्श्यावर आणि त्रिज्येचा वर्ग चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणजे चक्राचे जडत्व-आघूर्ण (फिरण्याची गती टिकवून धरण्याचा गुण) बत्तिसाव्या हिश्श्यावर उतरते. घर्षण मात्र त्या प्रमाणात घटत नाही. असे चक्र तासाला १८,००० ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके देते, तेही केसाएवढ्या जाड टोकांवर. येगर-लेकूल्त्र या स्विस घड्याळ कंपनीने १९२९ साली जे चिमुकले यंत्र केले, त्याचे वजन एक ग्रॅमच्या आसपास होते. राणी एलिझाबेथने १९५३ च्या राज्याभिषेकाला घातलेल्या घड्याळात तेच यंत्र होते.

मला मात्र खरे कौतुक तेलाच्या थेंबाचे वाटते. आसाचे टोक ज्या सच्छिद्र माणकात फिरते, त्याची बाहेरची बाजू किंचित फुगीर असते आणि तिच्यावर दुसरे, सपाट माणिक टोपीसारखे बसवलेले असते. त्यामुळे दोहोंमधली फट छिद्रापाशी सर्वांत अरुंद आणि कडेला रुंद होते. कंदिलाच्या वातीत रॉकेल ज्या केशाकर्षणाने चढते, त्याच केशाकर्षणाने तेल अरुंद जागेकडे, म्हणजे नेमके आसापाशी, ओढून धरले जाते. इतक्या लहान मापात पृष्ठताण गुरुत्वाकर्षणाला भारी पडत असल्यामुळे हात उलटासुलटा झाला तरी थेंब जागचा हलत नाही.

अशा जोड्या बॅलन्स चक्राच्या दोन्ही टोकांना असतात, म्हणून तिथे चार माणके, आणि चक्राचा ठोका झेलणारे पाचवे. पॅलेटची, म्हणजे दर ठोक्याला चाक अडवून सोडणाऱ्या पट्टीची, दोन व तिच्या आसाची दोन मिळून नऊ. पुढच्या चार चाकांची प्रत्येकी दोन धरली की सतरा पूर्ण. याहून पुष्कळ अधिक माणके मिरवणाऱ्या जुन्या घड्याळांत काही माणके निव्वळ जाहिरातीपुरती, कशालाही न टेकणारी असत. आणि माणिक हे जर रविरत्न, तर एकाच वेळी सतरा माणके मनगटावर बाळगणाऱ्या सासूबाईंचा सूर्य केवढा बलवान व्हायला हवा होता, याचा हिशेब ज्योतिषांनी अजून दिलेला नाही.

सराफाने चावी दिली, तेव्हा ते घड्याळ चारदोन ठोके देऊन थांबले. माणके बहुधा शाबूत असतील. पण नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांत, कपाटात वर्षानुवर्षे पडून, मोहरीहून कितीतरी लहान असलेले ते तेलाचे थेंब चिकट होऊन वाळले असणार.