स्ववंगणी संमिश्र धातुलेप

धातूच्या लेपातच घन वंगणाचे बारीक कण बसवलेलं कोटिंग, म्हणजे वरून तेल-ग्रीस घालायची गरज नाही किंवा फारच थोडी. मूळ धातू बहुतेक वेळा निकेल, कधी तांबं नाहीतर ब्राँझ. कण ग्राफाईट, मॉलिब्डेनम डायसल्फाईड किंवा टेफ्लॉनचे. विजेशिवाय निकेल चढवायची रीत ब्रेनर आणि रिडेल यांनी १९४० च्या दशकात मांडली, टेफ्लॉन त्याआधीचं, १९३८ चं, पण दोन्ही एका लेपात यायला बरीच वर्षं गेली.

चालू झाल्यावर वरचा धातू आधी थोडा झिजतो, आतले कण उघडे पडतात, चिरडून पसरतात आणि समोरच्या पार्टवरही त्यांची पातळ साय चढते, मग धातूवर धातू घासत नाही, सायीवर साय सरकते. म्हणून इथे झीज नुसत्या कठीणपणावरून काढता येत नाही. आर्चर्डच्या १९५३ च्या झिजेच्या सूत्राप्रमाणे जितका पृष्ठभाग कठीण तितकी झीज कमी, पण निकेल-फॉस्फरस लेप कठीण करायचा तर ४०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो आणि टेफ्लॉन ३२७ अंशांलाच वितळतं. तेव्हा लेप मऊच राहतो, तरी हलक्या भाराला मस्त टिकतो. भार वाढला की साय फाटते. कण जास्त भरले तर धातूची पकड जाते, कमी भरले तर साय सलग बसत नाही.

ग्राफाईट निसरडं का, यावर मात्र जुना वाद आहे. ब्रॅग यांनी १९२० च्या दशकात स्फटिकरचनेवरून सांगितलं की थरांमधली ओढ कमकुवत, म्हणून थर एकमेकांवरून घसरतात (कॅरमवरची बोरिक पावडरपण थरांचीच असते). पटण्यासारखं होतं आणि पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षं तेच चाललं. मग दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज नेणारे ग्राफाईटचे ठोकळे) काही तासांत भुगा व्हायला लागले, आणि त्याच दशकात सॅव्हेज यांनी दाखवलं की निर्वातात ग्राफाईट भराभर झिजतं, थोडी पाण्याची वाफ सोडली की शांत होतं. पुढे काहींनी वाफेचं काम थरांमध्ये नसून थरांच्या कडांवर आहे असं मांडलं, तिथले मोकळे बंध वाफ झाकते म्हणून कडा चिकटत नाहीत. हे जास्त जुळतं, पण रचनेचा वाटाच नाही असंही म्हणता येत नाही.

मॉलिब्डेनम डायसल्फाईडचं नेमकं उलटं. निर्वातात घर्षणांक ०.०५ च्याही खाली जातो, म्हणून अवकाशयानांत ते लाडकं, दमट हवेत मात्र तोच कितीतरी वाढतो आणि लेप लवकर संपतो. आधी याचा दोष ऑक्सिडीकरणाला देत, अलीकडे नेहमीच्या तापमानाला चिकटून बसलेल्या पाण्याकडेच बोट जास्त जातं.

कोकणात हे फार महत्त्वाचं, कारण पावसाळ्यात रत्नागिरी-मालवणकडे हवेतला दमटपणा ८०-९० टक्के सहज असतो, आणि कोरड्या हवेत काढलेले आकडे इथे जसेच्या तसे धरून चालत नाहीत. मग ग्राफाईट घ्यावं असं वाटेल, पण खाऱ्या पाण्यात ग्राफाईट कॅथोड होतं, म्हणजे स्वतः न गंजता शेजारचं पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियम गंजायला लावतं. समुद्राजवळ टेफ्लॉनवालं निकेल त्यातल्या त्यात बरं, फक्त लेपाला छिद्र नको, कारण निकेलपण पोलादाला कॅथोडच, एका बारीक भोकातून खालचा शाफ्ट खोल खड्डा पडेपर्यंत गंजतो आणि वरून लेप चकचकीतच दिसतो. वाळू शिरली तर कुठलीच साय टिकत नाही.

पाण्यातल्या बुशांची (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्यांची) गोष्ट वेगळी. १८५४ मध्ये जॉन पेन यांनी जहाजाच्या पंख्याच्या शाफ्टला लिग्नम व्हिटी या तेलकट लाकडाचे बुश बसवायचं पेटंट घेतलं, तिथे वंगण म्हणजे समुद्राचंच पाणी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा शाफ्टवर असा लेप असेल तर तो बाहेर काढून लेपावर तांबूस ठिपके आहेत का ते बघता येतं. ठिपका दिसला तर तेवढाच घासून वर लेप चढवू नये, सगळा उतरवून परत चढवावा लागतो.