हिऱ्याचे दोन कण आणि गुरुत्वाकर्षणाची परीक्षा

‘क्वांटम गुरुत्व (गुरुत्वाकर्षणही अणुरेणूंच्या क्वांटम नियमांनी चालतं ही कल्पना) तपासायचं तर आकाशगंगेएवढा त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, लागेल’ हे वाक्य आपल्याकडे विज्ञानाच्या भाषणांत हमखास येतं. २०१७ पासून ते अर्धसत्य आहे. त्या वर्षी लंडनचे सौगतो बोस, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे अनुपम मझुमदार आणि बेलफास्टपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे त्यांचे सहकारी, आणि स्वतंत्रपणे ऑक्सफर्डचे कियारा मार्लेटो व व्लात्को वेद्राल, यांनी एका खोलीत मावेल असा प्रयोग सुचवला.

हिऱ्याचे दोन कण घ्यायचे. प्रत्येकाचं वस्तुमान १०⁻¹⁴ किलो, जाडी दोनेक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हिऱ्याच्या जाळीत एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि त्याला लागून एक रिकामी जागा असली, की तिथल्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन (छोट्या चुंबकासारखा क्वांटम गुणधर्म) मायक्रोवेव्हने हवा तसा फिरवता येतो. तो सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन अवस्थांत, ठेवून तीव्र चढउताराचं चुंबकीय क्षेत्र लावलं, की एकच कण डाव्या-उजव्या अशा दोन वाटांनी जातो. वाटांमधलं अंतर २५० मायक्रॉन, दोन कणांच्या मध्यांमधलं ४५०. म्हणजे आतल्या वाटा एकमेकींपासून २०० मायक्रॉनवर, बाहेरच्या ७०० वर.

पहिल्या कणाची एक वाट आणि दुसऱ्याची एक, अशा चार जोड्या होतात. गुरुत्वाकर्षण प्रत्येक जोडीचा फेज, म्हणजे तिच्या क्वांटम लहरीचा टप्पा, सरकवतं: वस्तुमानाच्या वर्गाच्या व वेळेच्या समप्रमाणात, अंतराच्या व्यस्त प्रमाणात. अडीच सेकंदांत आतली जोडी ०.७९ रेडियन सरकते, बाहेरची जेमतेम ०.२३, उरलेल्या दोन ०.३५. मग वाटा पुन्हा जुळवून दोन्ही स्पिन मोजायचे. या असमान सरकण्यामुळे ते एन्टँगल झालेले, म्हणजे एकमेकांशी क्वांटम नात्याने बांधले गेलेले, दिसले, तर मधला दुवा, म्हणजे गुरुत्वाकर्षण, निव्वळ अभिजात (क्वांटमपूर्व भौतिकीच्या नियमांनी चालणारा) असू शकत नाही.

घोळ होतो तो इथे. दोन्ही कणांवर एकेका इलेक्ट्रॉनचा जरी विद्युतभार राहिला, तरी विद्युतबल गुरुत्वाच्या सुमारे ३,४५० कोटी पट भरतं. भार काढला तरी कण २०० मायक्रॉनपेक्षा बरेच जवळ आणले की कॅसिमिर बल, म्हणजे भार नसलेल्या वस्तूंमध्येही क्वांटम चढउतारांमुळे येणारं आकर्षण, वरचढ होतं, आणि एन्टँगलमेंट नेमकी कुणामुळे झाली हे कळत नाही. उष्णता तर आणखी वाईट. मे महिन्यातल्या नागपूरइतका, म्हणजे ४५ अंशांचा कण अवरक्त फोटॉन फेकत राहतो आणि ते फोटॉन त्याच्या वाटेची चुगली करतात; मग सुपरपोझिशन मोडते. आदळणारे हवेचे रेणूही तेच करतात. म्हणून मूळ प्रस्तावात तापमान ०.१५ केल्विन (उणे २७३ अंश सेल्सिअस) आणि दाब १०⁻¹⁵ पास्कल, म्हणजे जवळपास पूर्ण निर्वात, धरलाय. नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात कुणी ‘क्वांटम ऊर्जेचं’ लॉकेट दाखवलं, तर ते कुठल्या तापमानाला चालतं एवढंच विचारावं.

शिवाय यश आलं तरी क्वांटम गुरुत्वाच्या प्रतिस्पर्धी सिद्धांतांपैकी स्ट्रिंग खरा की लूप, याचा निकाल लागणार नाही; बातम्यांतले मथळे काहीही म्हणोत. आणि पल्ला अजून लांब आहे: २०१९ मध्ये व्हिएन्नात २५,००० अणुवस्तुमान एककांहून जड रेणूंची सुपरपोझिशन दाखवली गेली. हिऱ्याचा हा कण त्याच्या सुमारे २४ कोटी पट जड आहे.