पेशी-संदेशमार्ग आणि फुप्फुसातील दाह

पेशीवरील किंवा पेशीच्या आतील ग्राही प्रथिनाने टिपलेली खूण केंद्रकातील जनुकांपर्यंत पोहोचविणाऱ्या रासायनिक साखळीला संदेशमार्ग म्हणतात. फुप्फुसात जंतू शिरल्यावर प्रतिकारयंत्रणा किती दाह निर्माण करते, तो केव्हा आवरते आणि त्यात फुप्फुसाची किती हानी होते, हे बऱ्याच अंशी या साखळ्या ठरवितात.

फुप्फुसाला दाह महाग पडतो, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात आणि त्यांतील हवा व केशवाहिन्यांतील रक्त यांमधला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. पायावरच्या जखमेची सूज काही दिवस सोसता येते. वायुकोशात द्रव साचला, तर प्राणवायूची वाटच अडते.

वायुकोशातील महाभक्षी पेशी पहारेकऱ्याचे काम करतात. त्यांच्यावरील टोलसदृश ग्राही-४ काही जीवाणूंच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड ओळखतो, तर पेशीच्या आतील टोलसदृश ग्राही-७ विषाणूचा एकपदरी आरएनए ओळखतो. दोहोंचा संदेश पुढे एनएफ-कप्पाबी या प्रथिनाकडे जातो, ज्याचा शोध रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये लावला. एरवी आयकप्पाबी हे प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवते. संदेश येताच आयकप्पाबी नष्ट होते, एनएफ-कप्पाबी केंद्रकात शिरते आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ या दाह वाढविणाऱ्या निरोप्या प्रथिनांची (सायटोकाइनांची) जनुके कार्यरत होतात. त्याच वेळी ते आयकप्पाबीचे जनुकही चालू करते, म्हणजे स्वतःचा लगाम स्वतःच तयार करते. जंतूंचा मारा थांबला नाही, की हा लगाम तयार होतो तसा तुटतही राहतो.

इंटरल्यूकिन-८ मुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी फुप्फुसात गोळा होतात. त्यांच्यातील इलॅस्टेज विकर आणि ऑक्सिडीकारक द्रव्ये जंतूंबरोबर वायुकोशाची भिंतही पोखरतात आणि प्रथिनयुक्त द्रव आत झिरपतो. १९६७ मध्ये १२ रुग्णांवरून प्रथम वर्णिलेला तीव्र श्वसनरोध संलक्षण हा विकार अशा हानीतून उद्भवतो. इंटरल्यूकिन-६ मात्र जॅक-स्टॅट या दुसऱ्या मार्गाने यकृतासह दूरच्या अवयवांनाही जागे करते.

पुण्याला या विकाराची ओळख ऑगस्ट २००९ मध्ये कटू रीतीने झाली. स्वाइन फ्लूने झालेला देशातील पहिला मृत्यू याच शहरातला. जानेवारी २०२० मध्ये देशातील पहिल्या कोविड रुग्णाचे निदानही येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केले. पुढे ‘आयएल-६’चा (इंटरल्यूकिन-६ चा) अहवाल आणि ‘सायटोकाइन स्टॉर्म’ (सायटोकाइनांचे वादळ) हे शब्द पेठांतल्या घरगुती बोलण्यात रुळले. यांतला दुसरा शब्द काहीसा ढिलाच आहे, कारण कोविडच्या अनेक गंभीर रुग्णांतील इंटरल्यूकिन-६ ची पातळी अन्य कारणांनी झालेल्या श्वसनरोधातील पातळीपेक्षा कमी आढळली.

एनएफ-कप्पाबीचा प्रभाव रोखणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने ब्रिटनमधील कोविडवरील रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटविले. प्राणवायू न लागणाऱ्यांना त्याचा लाभ दिसला नाही. सुरुवातीला हाच दाह विषाणूला आवरत असतो, हे त्याचे संभाव्य कारण. जॅक रोखणारे बॅरिसिटिनिब आणि इंटरल्यूकिन-६ चा ग्राही अडविणारे टोसिलिझुमॅब यांनाही ही मर्यादा लागू आहे. टीएनएफ रोखणाऱ्या औषधांनी सुप्त क्षयरोग उफाळू शकतो, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी केली जाते. २०२१ मध्ये राज्यात वाढलेल्या म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गामागेही अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिरेकी वापर ही प्रमुख कारणे होती.